कोल्हापुरी चपलेचा मालक कोण?

१६ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एक जनहित याचिका फेटाळून लावली. याचिका करणारे वकील होते. इटलीच्या प्राडा या कंपनीने कोल्हापुरी चपलेची नक्कल केली, तिने माफी मागावी, कारागिरांना भरपाई द्यावी, अशी त्यांची मागणी होती. न्यायालयाने त्यांना जे विचारले त्याचा सरळ अर्थ इतकाच, की या चपलेचे तुम्ही मालक आहात काय? नसाल तर तुमचा संबंध काय? ज्याचा हक्क आहे त्याने दिवाणी दावा लावावा, पुरावा द्यावा. त्यासाठी जनहित याचिकेची वाट नाही.

प्रश्न वकिलांना विचारला गेला. परंतु हा प्रश्न ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या रापी, आरी आणि वादी फिरली त्या चर्मकार आणि ढोर समाजानेच एकदा नीट ऐकावा, असे आम्हाला वाटते. कारण कायद्याच्या दप्तरात कोल्हापुरी चपलेला मालक आहे. आणि तो चप्पल शिवणारा नाही.

प्रकरण काय घडले ते थोडक्यात सांगू. जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडाने पुरुषांच्या उन्हाळी कपड्यांचा शो केला. त्यात मॉडेलांच्या पायात ज्या चपला होत्या त्या पाहून कोल्हापूरचे शेंबडे पोरही म्हणाले असते, ही तर आपली पायताने! कंपनीने मात्र त्यांना नुसते लेदर सँडल म्हटले. कोल्हापूरचे नाव नाही, महाराष्ट्राचे नाव नाही, भारताचे नाव नाही. बोभाटा झाल्यावर कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून, भारतातील पारंपरिक हस्तकलेवरून हे सुचले, अशी कबुली दिली. पुढे कंपनीची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांची घरे, चामडे, ठोकणी पाहूनही गेली.

त्या दिवसांत मराठी वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांना जो संस्कृतीचा उमाळा आला तो आम्ही कुतूहलाने पाहत होतो. आमचा वारसा, आमची अस्मिता, आमची चप्पल! ज्या कातड्याला हात लावणाऱ्याला गावाबाहेर ठेवले, ज्याची सावली चालत नव्हती पण ज्याने शिवलेली चप्पल मात्र वाड्यावर चालत होती, त्याचे काम मिलानला पोचताच एकदम सर्वांचे झाले. मेलेले जनावर ओढणारा एक, कातडे कमावणारा दुसरा, शिवणारा तिसरा, आणि वारसा मात्र अवघ्या महाराष्ट्राचा. असो. राग खरा असेल तर त्याचे स्वागतच आहे. पण न्यायालय रागावर निकाल देत नाही. ते काय पाहते, हे समजून घेतल्याशिवाय आपल्या लोकांच्या हाती काही पडणार नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

बौद्धिक संपदा हा शब्द कानाला फार मोठा वाटतो. अर्थ साधा आहे. जमीन, घर, विहीर ही दिसणारी मालमत्ता. शोध, पुस्तक, गाणे, नाव, नक्षी ही डोक्यातून आणि हातातून आलेली मालमत्ता. शोधाला पेटंट, लेखनाला कॉपीराइट, मालाच्या नावाला ट्रेडमार्क, वस्तूच्या रूपाला डिझाइन, आणि एखाद्या मुलखात होणाऱ्या मालाच्या नावाला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय. प्रत्येकाचा कायदा वेगळा, मुदत वेगळी, हक्कदार वेगळा. न्यायालयात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, की तुम्ही कोणत्या कायद्याखाली आलात? आणि दुसरा, त्या कायद्याने हक्क दिलेला माणूस तुम्हीच काय?

कोल्हापुरी चपलेला जीआय आहे. अर्ज २००९ सालचा. प्रत्यक्ष शिक्का हाती पडायला २०१८-१९ उजाडले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. येथे दोन राज्यांचा सीमावाद नाही, ही एक दुर्मीळच गोष्ट म्हणायची. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, कातड्याच्याच वादीने हाताने घातलेली शिवण, ही तिची ओळख. आता मालक कोण? नोंदवहीत नावे आहेत ती दोन सरकारी महामंडळांची. आपल्याकडचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ, म्हणजे लिडकर. कायदा यांना नोंदणीकृत मालक म्हणतो. प्रत्यक्ष चप्पल करणाऱ्याला त्याच कायद्यात एक जागा आहे, तिचे नाव अधिकृत वापरकर्ता. पण ती आपोआप मिळत नाही. वेगळा अर्ज करून नाव लावून घ्यावे लागते. नाव लागले की तोही दावा लावू शकतो. नाव नसेल तर बापजाद्यांपासून चप्पल शिवत असला तरी या कायद्यापुढे तो कोणी नाही.

म्हणून उच्च न्यायालय चुकले असे आम्ही म्हणणार नाही. कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून, आणि त्यात हक्कभंगाविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार मालकाला आणि अधिकृत वापरकर्त्याला दिला आहे. वाटेवरच्या सज्जनाला नाही. एका दृष्टीने हे बरेच आहे. आपल्या वतीने कोणीही उठावे, आपल्या नावाने माफी आणि भरपाई मागावी, आणि हरला तर आपलीच बाजू कमकुवत करून ठेवावी, हे आपल्या समाजाने अनेक क्षेत्रांत भोगले आहे. परंतु ज्यांना अधिकार होता ती दोन महामंडळे त्या जुलै महिन्यात न्यायालयात दावेदार म्हणून उभी नव्हती, हेही तितकेच खरे.

समजा, ती उभी राहिली असती. जिंकली असती काय? आमचे मत विचाराल तर, कठीण होते. जीआय कायदा राखण करतो ती नावाची आणि त्या नावातून सुचवल्या जाणाऱ्या मुलखाची. माल कोल्हापूरचा नसताना कोल्हापूरचा आहे असे भासवले, गिऱ्हाईक फसले, तर हक्कभंग. प्राडाने उलट केले. रूप घेतले आणि नाव टाकून दिले. गिऱ्हाइकाला ही चप्पल कोल्हापूरची वाटली नाही, प्राडाचीच वाटली. दुसऱ्याचा माल आपल्या नावावर खपवणाऱ्यापुढे हा कायदा चाचपडतो. चोराने घरातली भांडी नेली आणि पोलिसांनी दाराची पाटी जागेवर आहे का ते तपासले, असा हा प्रकार! दार्जिलिंग चहाची गोष्ट याच वळणाची आहे. देशातला पहिला जीआय या चहाचा. कोलकात्यातील एका मोठ्या हॉटेलाने आपल्या एका दालनाला दार्जिलिंग लाउंज नाव दिले तेव्हा चहा मंडळ न्यायालयात गेले. २०१९ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. जीआय मालासाठी आहे, हॉटेलची बैठक हा चहा नव्हे. तेथे नाव घेतले होते तरी दावा टिकला नाही. येथे तर नावही नव्हते.

मग रूपासाठी डिझाइनचा कायदा आहे ना? आहे, २००० सालचा. त्याची पहिली अट, रूप नवे पाहिजे. आधी कोठे प्रसिद्ध झालेले, वापरात आलेले नको. मुदत दहा वर्षे, फार तर आणखी पाच. कापशी, पुकरी, बक्कलनाळी हे घाट कोणी कधी काढले? कोणा एकाने नाही, एका वर्षी नाही. शंभर हातांनी शंभर वर्षांत थोडे थोडे घडवलेले रूप या कायद्याला दिसतच नाही. कॉपीराइट म्हणाल तर तेथेही कर्ता एक माणूस लागतो, आणि जे रूप डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगे आहे ते न नोंदवता यंत्राने पन्नासाहून अधिक वेळा काढले की कॉपीराइटही संपतो. या सगळ्या कायद्यांना एक नवा शोध, एक नामवंत कर्ता, एक तारीख आणि एक कागद हवा असतो. जातीने ज्यांच्यावर धंदा लादला, ज्यांना शाळेत घेतले नाही, ज्यांच्या हिशेबाचा कागद नेहमी दुसऱ्याच्या पेटीत राहिला, त्यांच्याजवळ हे चारही नाही. कौशल्य आहे. पण कौशल्याला कलम नाही!

न्यायालयात मालकी कशी ठरते आणि पुरावा कोणी द्यायचा असतो, हे आंबेडकरी चळवळीला नव्याने सांगायला नको. महाडच्या चवदार तळ्याचा दावा आठवा. तो काही बौद्धिक संपदेचा नव्हता. पण ज्या दिवाणी हत्याराने आज कंपन्या एकमेकींशी लढतात त्याच हत्याराचा, तात्पुरत्या मनाई हुकुमाचा, वार आपल्या लोकांवर झाला होता. डिसेंबर १९२७ मध्ये सनातन्यांनी दावा लावला आणि दोन दिवसांत मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला हजारो लोक जमलेले असताना बाबासाहेबांनी कायदा मोडला नाही. तळ्यावर जाणे थांबवले, मनुस्मृती मात्र त्याच दिवशी जाळली. फेब्रुवारी १९२८ मध्ये हुकूम उठला, पण दावा चालू राहिला. महाड, ठाणे आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालय, १७ मार्च १९३७. जवळजवळ दहा वर्षे! आणि निकाल कशावर लागला? अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून आहे असे सनातन्यांचे म्हणणे होते. ती तशी असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही. जो परंपरेच्या नावाने हक्क सांगतो त्याने ती पुराव्याने सिद्ध केली पाहिजे, असा तो धडा. परंपरेचा दाखला तेव्हा आपल्या विरुद्ध होता, म्हणून ही कठोर कसोटी आपल्या कामी आली. आज परंपरा आपल्या बाजूने आहे, आणि कसोटी तीच आहे.

मनाई हुकुमाची गोष्ट थोडी अधिक सांगतो, कारण बौद्धिक संपदेचे बहुतेक खटले प्रत्यक्षात येथेच संपतात. दावा निकाली निघायला वर्षे लागतात. तोवर समोरच्याचा धंदा चालू राहू द्यायचा की थांबवायचा? न्यायाधीश तीन गोष्टी पाहतात. दावेदाराची बाजू वरवर पाहता खरी वाटते काय? हुकूम दिला किंवा न दिला तर जास्त नुकसान कोणाचे? आणि ते नुकसान पुढे पैशाने भरून निघणारे आहे काय? हे एकदा ठरले की पुष्कळदा हरलेला पक्ष तडजोड करून मोकळा होतो. म्हणजे ज्याच्याजवळ पहिल्या तारखेला चांगला वकील आणि बांधलेली कागदपत्रे, त्याचे निम्मे काम तेथेच झाले. २०१५ पासून मोठ्या रकमेच्या व्यापारी दाव्यांसाठी वेगळी न्यायालये झाली. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ मोडले आणि त्याची कामे उच्च न्यायालयांकडे आली. कामाला वेग आला असेल, पण तारखेला उभे राहण्याचा खर्च काही कमी झाला नाही.

तरीही आपली न्यायालये केवळ श्रीमंतांच्या कलाने चालतात, असे सरसकट म्हणणे खोटे होईल. काही निकाल असे आहेत की ते वाचताना गरीब माणूस न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढे होता हे जाणवते. १९६२ सालचा अमृतधारा आणि लक्ष्मणधारा या दोन औषधांचा खटला घ्या. दोन्ही नावे शेजारी ठेवून शिकलेला माणूस म्हणेल, वेगळी आहेत. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, औषध घेणारा खेडूत असतो; तो शब्दांची फोड करीत बसत नाही, अर्धवट आठवणीवर दुकानात जातो. म्हणून नावे फसवी ठरली. फक्त लक्ष्मणधारावाला पुष्कळ वर्षे उघडपणे धंदा करीत होता म्हणून त्याला उत्तर प्रदेशापुरती मुभा मिळाली. २००१ मध्ये कॅडिला नावाच्या दोन कंपन्यांच्या भांडणात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. या देशाची एक भाषा नाही, पुष्कळांना वाचता येत नाही, इंग्रजी जाणणारे थोडे. तेव्हा इंग्लंडमधले दाखले येथे जसेच्या तसे चालणार नाहीत, असा त्या निकालाचा आशय आहे. औषधाच्या नावात घोटाळा झाला तर जीव जातो, म्हणून तेथे कसोटी अधिक कडक.

औषधावरूनच पेटंटचे ते दोन निकाल आले ज्यांची जगभर चर्चा झाली. नोव्हार्टिस या स्विस कंपनीचे ग्लिव्हेक हे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध. महिन्याचा खर्च लाखाच्या वर; भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांत. कंपनी जुन्याच द्रव्याच्या नव्या रूपावर पेटंट मागत होती. आपल्या पेटंट कायद्यात २००५ मध्ये ३ (ड) हे कलम बसवले गेले होते: माहीत असलेल्या द्रव्याचे नवे रूप काढले म्हणून पेटंट नाही, गुण वाढला हे दाखवा. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुण म्हणजे औषधी गुण असा अर्थ लावून कंपनीचा दावा फेटाळला. दुसरे प्रकरण बायर कंपनीच्या नेक्साव्हारचे. महिन्याला दोन लाख ऐंशी हजार रुपये! २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि किंमत आठ हजार आठशेवर आणली. बायरला विक्रीवर ठरावीक टक्के मानधन. हा परवाना २०१४ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने कायम केला. पेटंट हे समाजाशी केलेले देणेघेणे आहे, मक्तेदारी मिळते ती माल लोकांपर्यंत वाजवी किमतीत पोचवण्याच्या बोलीवर, हा विचार त्यामागे होता.

येथे एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. ग्लिव्हेकच्या पेटंटला हरकत घेणाऱ्यांत मुंबईची कर्करोगग्रस्तांना मदत करणारी एक संस्था होती. ती औषध बनवत नव्हती. तिला कोणी विचारले नाही, की तुम्ही मालक आहात काय? कारण पेटंट मिळण्यापूर्वी कोणत्याही व्यक्तीने हरकत घ्यावी अशी सोय पेटंट कायद्यातच आहे. जीआयची नोंद होतानाही कोणी हरकत घेऊ शकतो. पण नोंद झाल्यावर, हक्क तुडवला जाताना, दार फक्त नोंदवहीत नाव असलेल्यांना उघडते.

दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाचा खटला तर प्रत्येक वसतिगृहातल्या मुलाला माहीत असायला हवा. विद्यापीठाने नेमलेल्या धड्यांची पाने जोडून दुकानदार थोड्या पैशांत संच विकत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी बड्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला, दुकानावर मनाई हुकूम आला. तेव्हा विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकांची संघटना आपणहून न्यायालयात पक्षकार झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये एक न्यायमूर्तींच्या पीठाने दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही ईश्वरदत्त हक्क नव्हे, अध्यापनासाठी केलेली प्रत कायद्याने मोकळी ठेवली आहे, असा निवाडा दिला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने एक मुद्दा फेरतपासणीसाठी परत पाठवला, पण तत्त्व कायम ठेवले. पुढे प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. ज्या घरातला पहिला मुलगा विद्यापीठात गेला आहे त्या घराला चार हजारांचे पुस्तक आणि चाळीस रुपयांची झेरॉक्स यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. जाता जाता सांगतो, बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरचा कॉपीराइट त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर साठ वर्षांनी, २०१६ च्या अखेरीस संपला. ते ग्रंथ छापायला आज कोणाची परवानगी लागत नाही. आणि तरीही स्वस्त, निर्दोष प्रती गावोगाव मिळत नाहीत. तो दोष मात्र कॉपीराइटचा नाही!

या निकालांत एक समान धागा दिसतो. जेथे कायद्याच्या शब्दांतच जनतेसाठी जागा ठेवलेली होती, आणि जनतेपैकी कोणीतरी संघटित होऊन त्या जागेवर येऊन उभे राहिले, तेथे न्यायालयाने ती जागा मान्य केली. ३ (ड) नसते तर ग्लिव्हेक हरले नसते. अध्यापनाची सवलत नसती तर झेरॉक्सवाला बुडाला असता. न्यायालयाने दयेपोटी काही दिले नाही. कोल्हापुरीच्या बाबतीत अशी जागा अरुंद आहे. पण मुळीच नाही असे नाही.

सीमेचा प्रश्नही आहे. आपला जीआय भारतात चालतो. मिलानमध्ये त्याला कोण विचारतो? हीच कसोटी उलट्या बाजूने लागलेली पाहा. टोयोटा या जपानी कंपनीची प्रियस ही मोटार जगात गाजलेली. भारतात एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने ते नाव आपल्या नावावर नोंदवले. टोयोटाने दावा लावला. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, जगातली कीर्ती जगाजवळ. त्या काळात भारतातल्या गिऱ्हाइकांत तुमचे नाव झाले होते याचा पुरावा द्या. तो अपुरा पडला आणि टोयोटा हरली. आपल्या देशात आपण परक्याला जो नियम लावतो तो परदेशात आपल्याला लागणारच. युरोपात तर हस्तकलेच्या वस्तूंना साऱ्या युरोपीय संघासाठी असे मानांकन देणारा कायदाच नव्हता. वाइनला होते, चीजला होते, चपलेला नव्हते. तसा कायदा १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला आहे आणि बाहेरच्या देशांतल्या उत्पादकांनाही त्यात अर्ज करता येतो. आपल्या दोन्ही महामंडळांनी हा अर्ज केला पाहिजे, आणि केव्हा करणार ते जाहीर केले पाहिजे.

डिसेंबर २०२५ मध्येच प्राडाने लिडकॉम आणि लिडकर यांच्याशी करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात दोन हजार जोड करून घ्यायचे, एका जोडाची किंमत सुमारे आठशे युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांहून अधिक, आणि कारागिरांना प्रशिक्षणाची सोय. न्यायालयात न लढता एवढे मिळाले हे कमी नाही, आणि ते नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. परंतु करारावर सही कोणाची आहे ते पाहा. एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला दोन सरकारी कार्यालये. आठशे युरोंपैकी शिवणाऱ्याच्या हातात किती? कातडे कमावणाऱ्या ढोर समाजाचा त्यात वाटा आहे की नाही? मार्च २०१५ पासून राज्यात गोवंशबंदीचा कायदा कडक झाला, तेव्हापासून चामड्याची जी ओढाताण सुरू झाली तिचे काय? ज्या सरकारच्या कायद्याने कच्चा माल आक्रसला त्याच सरकारचे महामंडळ पक्क्या मालाचे मालक आहे, ही गंमत कोल्हापूरच्या कारागिराला सांगायला नको. तो रोज भोगतो. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला आश्रय दिला तो धंदेवाल्याचा मालक होण्यासाठी नव्हे.

आम्ही महामंडळांना शत्रू मानत नाही. कारागिरांच्या वतीने अर्ज करायला तेव्हा दुसरे कोणी पुढे आले नाही, ते आले. पण कायद्याने त्यांना मालक केले आहे ते उत्पादकांचे हित पाहणारी संस्था म्हणून, आपल्या कर्तबगारीचे बक्षीस म्हणून नाही. तेव्हा अधिकृत वापरकर्त्यांची यादी जिल्हावार, गाववार त्यांनी जाहीर करावी. यादीत व्यापारी किती आणि हाताने काम करणारे किती, हे लोकांना दिसू द्यावे. आणि आपल्या समाजातील वकील मंडळींना आमची विनंती आहे की त्यांनी मोर्चाच्या निवेदनांबरोबर हा फॉर्मही हातात घ्यावा. फॉर्म जीआय-३. कार्यालय चेन्नईला. २०२० च्या नियमांनी अर्जाचे शुल्क पाचशे रुपयांवरून दहा रुपयांवर आणले आहे. आपण उत्पादक कसे, याचे निवेदन आणि प्रतिज्ञापत्र जोडायचे. एका गल्लीतले पन्नास जण एका रविवारी बसले तर पन्नास अर्ज तयार होतात. उद्या पुन्हा एखादी कंपनी आली तर न्यायालयाच्या त्या प्रश्नाला, तुमचा संबंध काय, या पन्नासांना उत्तर असेल.

हाच फॉर्म आम्ही कोल्हापूर भागातल्या एका वृद्ध कारागिराला वाचून दाखवला. वय सत्तरच्या पुढे, हातावर आरीचे व्रण. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "उत्पादक हाय म्हणून दाखवायला काय लावायचं?" आम्ही म्हणालो, माल दिल्याच्या पावत्या, बिले, हिशेबाची वही, असे काही असेल तर बरे. ते हसले. म्हणाले, "पावती कोण देतंय दादा? नग मोजून घेतात, वहीत मांडतात. वही यापाऱ्याकडं असती."